बंदुकीचा जामीन

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला कागद आहे. एका बंदुकीचा जामीन म्हणून माझा जन्म झाला आणि आजवर मी तेच काम करत आलो आहे. बंदूक म्हटले की तुमचे डोळे चमकतात आणि कागद म्हटले की जांभई येते, हे मला ठाऊक आहे. पण जरा थांबा. बंदूक स्वतःबद्दल एक शब्द बोलू शकत नाही. ती कुठून आली, कोणाची झाली, हक्काची की चोरीची, हे सारे तिच्या वतीने मला सांगावे लागते. गेली कित्येक वर्षे मी ते इमानाने सांगत आलो आहे, फक्त ऐकणारे नेहमी भेटले नाहीत.

माझे मूळ चिंध्यांत आहे. फाटके सदरे, विरलेल्या चादरी, जुन्या कापडी पिशव्या हे सगळे भिजवून, कुटून, त्याच्या लगद्यातून मला काढले. म्हणूनच मी जाड आहे. हल्लीचे गुळगुळीत कागद दिसायला देखणे असतात, पण चार वर्षांत मान टाकतात. आमचे तसे नव्हते.

कारखान्यातून मी सैन्याच्या एका कार्यशाळेत गेलो. तिथे मोडलेली हत्यारे दुरुस्त होत. मी पोचलो तेव्हा लढाई संपली होती आणि कार्यशाळेतल्या माणसांना घरचे वेध लागले होते. त्यांच्यात एक सुतार होता. त्याने लढाईत एकही गोळी झाडली नव्हती. बंदुकांचे फुटलेले, तडकलेले लाकडी दस्ते काढायचे आणि नवे घडवून बसवायचे, एवढेच त्याचे काम. हात असा की लाकूड कुठे संपते आणि लोखंड कुठे सुरू होते, ते बोटाला कळू नये.

त्याच्याकडे एकदा एक फार जुन्या घाटाची बंदूक आली. तिचा दस्ता अर्धा जळाला होता. असल्या बंदुका तेव्हाच कालबाह्य झाल्या होत्या, त्यामुळे तिच्यासाठी सरकारी लाकूड मिळेना. सुताराने साहेबांच्या भोजनगृहातले एक मोडके अक्रोडाचे मेज मागून घेतले आणि त्याच्या फळीतून दस्ता घडवला. कोणी सांगितले नव्हते. त्याला राहवले नाही, एवढेच.

कार्यशाळा बंद व्हायची वेळ आली तेव्हा जुन्या घाटाच्या सगळ्या बंदुका भट्टीत जाणार असे ठरले. सुतार मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. मला बढती नको, पदक नको, ती एक बंदूक द्या, असे म्हणाला. साहेब हसले. त्यांनी बंदुकीच्या नळीत शिसे ओतून ती कायमची बंद करवली आणि कारकुनाला बोलावले.

"याला रीतसर कागद करून द्या," साहेब म्हणाले. "कागदाशिवाय बंदूक म्हणजे नुसतं संशयाचं घर."

कारकुनाने गठ्ठ्यातून मला ओढले आणि टाइपरायटरवर चढवले. खट् खट् खट्. पहिल्यांदा अंगावर अक्षर उमटले तेव्हा चांगलेच दुखले, खोटे कशाला सांगू? बंदुकीच्या लोखंडावर कोरलेला क्रमांक, तिचा घाट, ती कोणाला दिली, का दिली, नळी बंद केल्याची नोंद, असे सगळे एकेक करून माझ्या अंगावर आले. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तिथे कारकून सवयीने 'निरंक' टाइप करणार, इतक्यात सुतार हळूच म्हणाला की दस्ता मूळचा नाही, तेही लिहायला हवे.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. "अहो, असा शेरा मारला तर उद्या कोणी म्हणेल, माल अस्सल नाही. राहू द्या की."

"जे आहे ते लिहा," सुतार म्हणाला. "मी केलेलं लाकूड कारखान्याचं म्हणून कशाला खपवू?"

मग माझ्या अंगावर शेवटची ओळ उमटली: 'लाकडी दस्ता मूळचा नाही. धारकाने स्वतः घडवून बसवला.' खाली सही झाली, गोल शिक्का बसला, आणि मी व बंदूक एकमेकांशी बांधले गेलो.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली फार सुखाची. सुताराने खुर्च्या-टेबलांचे दुकान टाकले. पुढे दुकान आणि मागे घर. दुकानात, त्याच्या रंधा मारायच्या मेजाच्या वर, दोन खुंट्यांवर बंदूक टांगलेली असे. मला त्याने प्लायवुडच्या दोन पातळ फळ्यांमध्ये सपाट ठेवले, वर सुतळी बांधली, आणि टिनाच्या एका डब्यात घातले. वर्षातून एकदा तो बंदूक खाली काढी. लोखंडाला तेल लावी आणि लाकडात जवसाचे तेल तळहाताने जिरवत बसे. पॉलिशला तो हात लावू देत नसे. लाकडाने श्वास घ्यायला हवा, असे त्याचे म्हणणे.

त्याची दोन मुले या कामात लुडबुडत असत. मुलाला सगळे थोरला म्हणत आणि मुलीला धाकटी. तिच्या केसांत पांढरे दिसू लागले तरी ती धाकटीच राहिली. थोरल्याला बंदूक खांद्यावर घेऊन मिरवायला आवडे. धाकटी तेलाचे बोट लाकडावरून फिरवत रेषा मोजत बसे. तेल जिरले की सुतार डब्यातून मला काढी आणि दोघांना शेवटची ओळ वाचून दाखवी. येणारे-जाणारे अर्थात बंदुकीचेच कौतुक करत. मला त्याचे वाईट वाटले नाही. लग्नात नवरीलाच पाहतात, साक्षीदाराला कोण पाहतो?

धाकटीचे लग्न झाले तेव्हा सुताराने डबा तिच्या हाती दिला. "थोरल्याच्या हाती वस्तू टिकते, कागद टिकत नाही," तो म्हणाला. "बंदूक इथेच राहू दे. कागद तू सांभाळ."

मग मी धाकटीबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. तिचा नवरा मालमोटार चालवी आणि बरेच दिवस बाहेरगावी असे. धाकटी घरच्या पुढच्या खोलीत सोफ्यांच्या खोळी आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवण्याचे काम करू लागली. बापाने लाकूड केले, लेकीने त्यावर कापड चढवले. थोरल्याच्या दुकानातल्या खुर्च्याही तिच्याकडेच यायच्या. सगळे कसे सुतासारखे सरळ चालले होते.

सुतार गेला आणि वर्षभरातच सूत तुटले.

काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले नाही. धाकटी माहेरून तडक घरी आली, शिवणयंत्रावर बसली आणि सगळी हकीकत यंत्रालाच सांगत राहिली. ती मी ऐकली. थोरल्याने बंदुकीच्या दस्त्याला चकाकणारे पॉलिश मारले होते. गिऱ्हाइकांना दिसायला बरे, हा त्याचा हेतू. धाकटीने ते पाहिले आणि तिचे डोके फिरले. बाबांनी एवढी वर्षे तेल पाजलेल्या लाकडाची तू चकचकीत बरणी करून टाकलीस, असे ती चारचौघांत म्हणाली. थोरल्याच्या नाकावर राग कायमचाच. तोही बोलून गेला, "तू लग्न होऊन गेलीस. आता या घरातल्या लाकडाची काळजी करू नकोस."

पॉलिश एक वेळ काढता येते, पण असले वाक्य काढायला काही मिळत नाही. त्या दिवसापासून दोघांत विस्तवही आडवा जाईना. थोरल्याच्या दुकानातल्या खुर्च्या दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ लागल्या.

आणि माझे दिवस फिरले. धाकटीला डबा डोळ्यासमोर नको झाला. तिने मला फळ्यांसकट बाहेर काढले आणि डब्यात गाद्या ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, भरल्या. नवरा थट्टेने म्हणाला, "तुझ्या घरात चुकांना डबा आहे, कागदाला नाही." ती हसली नाही. फळ्या कुठल्याशा स्टुलाच्या बैठकीला लागल्या. मी घडी होऊन मेजाच्या खणात, सोफ्यांच्या मापांच्या कागदांत जाऊन पडलो. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, त्याचे गोल वर्तुळ आजही सरकारी शिक्क्याशेजारी दिमाखात बसले आहे. त्या घडीत कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली. एकदा घाईघाईत माप कापताना धाकटीच्या कात्रीने माझा खालचा कोपराही उडवला. कात्री सहीपासून बोटभर अंतरावरून गेली. तिला कळलेसुद्धा नाही. मी मनात म्हटले, चला, माणसे भांडतात तेव्हा कागदांचेही कोपरे उडायचेच.

अशी किती वर्षे गेली कोण जाणे. एके दिवशी दुपारी दारावर थाप पडली. थोरल्याची बायको आली होती. भांडणानंतर ती या घरी कधी आली नव्हती.

"वन्सं, मी आले हे ह्यांना माहीत नाही," ती बसायच्या आधीच म्हणाली.

पाणी प्यायल्यावर तिने सांगितले ते असे. सरकारने नवा नियम काढला होता. ज्याच्या घरी सैन्याच्या बनावटीची जुनी बंदूक असेल, मग ती चालू असो की बंद, त्याने मूळ कागदासह ती कचेरीत दाखवावी. कागद नसेल तर बंदूक जमा करावी. जमा झालेल्या बंदुका वितळवणार होते. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. थोरल्याने बंदूक खुंटीवरून उतरवून चादरीत गुंडाळून ठेवली होती. उद्या जाऊन देऊन येतो, असे म्हणत होता. कागदाचे नाव काढले की मूग गिळून बसत होता.

धाकटीने हातातला खडू मेजावर ठेवला. मग म्हणाली, "त्याने स्वतः येऊन मागावा. मी काही लपवून ठेवला नाही. बाबांनी दिलाय मला."

"ते मागणार नाहीत. तुम्ही ओळखता त्यांना."

"मग मीही माझ्या बाबांचीच मुलगी आहे."

वहिनी उठली. चपला घालताना थांबली. सांगू की नको, असे तिचे झाले असावे. शेवटी ती दाराकडे पाहतच बोलली. "वन्सं, तुमचं भांडण झालं ना, त्यानंतर काही महिन्यांतच ह्यांनी ते सगळं पॉलिश काढलं. काचेच्या तुकड्याने खरवडून. दुकान बंद करून बसायचे, बोटं कापली होती. तेव्हापासून दरवर्षी तेल लावतात. बाबा लावायचे तसंच, हाताने. मला म्हणाले, धाकटीला सांगू नकोस."

धाकटी उठून दारापाशी आली.

"एवढी वर्षं सांगितलं नाहीत तुम्ही?" धाकटी म्हणाली.

"शब्द दिला होता. आज मोडला."

वहिनी गेली आणि धाकटीने खण उपसायला सुरुवात केली. मित्रांनो, तो अर्धा तास मी विसरणार नाही. मापांचे कागद भिरभिरत जमिनीवर पडत होते. ती मला डब्यात शोधत होती आणि डब्यातून चुका सांडत होत्या. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. खणाच्या तळाशी, एका आरामखुर्चीच्या मापाला चिकटून, मी तिला सापडलो. तिने मला उजेडात धरले. चहाचे वर्तुळ पाहिले, कसरीची भोके पाहिली, कापलेला कोपरा पाहिला. मग शेवटची ओळ वाचली आणि ओढणीने डोळे पुसले. रागाच्या भरात आपण काय केले ते तिला तेव्हा कळले. मला मात्र आपण सापडलो याचाच आनंद एवढा झाला होता की कोपऱ्याचे दुःख केव्हाच विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत मोठी रांग होती. कोणाच्या हातात गंजलेली पिस्तुले, कोणी तर चुकून म्यानात अडकलेल्या तलवारीही घेऊन आले होते. रांगेच्या मध्यावर थोरला उभा होता. काखेत चादरीची लांबट गुंडाळी, जणू आजारी मूल घेऊन दवाखान्यात आला आहे. धाकटी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिने मला पिशवीतून काढले आणि गुंडाळीवर ठेवले. किती वर्षांनी मी त्या बंदुकीच्या इतक्या जवळ गेलो. चादरीतूनही जवसाच्या तेलाचा वास येत होता.

थोरल्याने खाली पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. "कोपरा कुणी कापला?"

"मी."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तुला बसायला खुर्ची आणू का?"

एवढेच. पण रांग पुढे सरकत होती तसे दोघे एकमेकांच्या जवळ सरकत होते, ते मी पाहिले.

मेजामागे एक नोंदणी अधिकारी बाई बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी बनावट कागदांचे एवढे नमुने पाहिले असावेत की कोणावरही विश्वास उरला नव्हता. वडाची साल पिंपळाला लावणारे पुष्कळ येत होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. बंदूक चादरीतून काढवली आणि लोखंडावरचा क्रमांक माझ्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. त्यांचे बोट एकेका आकड्यावरून पुढे सरकत गेले. आकडे जुळले.

मग त्या लाकडाकडे वळल्या. हे मूळचे वाटत नाही, असे म्हणाल्या. थोरला काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर शेऱ्यावर गेली. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा दस्त्याकडे पाहिले. "कागद खरा आहे," त्या म्हणाल्या. "खोटा कागद करणारा माणूस आपल्याच मालाचा कमीपणा कशाला लिहील?"

मित्रांनो, ज्या ओळीमुळे माल अस्सल वाटणार नाही असे कारकुनाला वाटले होते, त्याच ओळीने आम्हा दोघांना वाचवले. माझा जीव भांड्यात पडला.

पण काम संपले नव्हते. धारक हयात नाही, तेव्हा आता बंदूक कोणाच्या नावावर करायची, असे बाईंनी विचारले.

"हिच्या," थोरला म्हणाला.

"त्याच्या," धाकटी म्हणाली.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. सकाळपासून त्यांच्यापुढे 'माझ्या नावावर' म्हणून भांडणारेच येऊन गेले होते. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. "आधी बाहेर जाऊन ठरवून या," बाई म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होते. शेवटी त्यांनीच दोघांची नावे लिहिली. मूळ कागद कचेरीत ठेवून नक्कल देण्याची पद्धत होती. धाकटीने मला धरून ठेवले आणि म्हणाली, नक्कल तुम्ही ठेवा, याला बंदुकीपासून आता दूर करायचे नाही. थोरल्याने मान डोलावली. बाईंनी थोडा विचार केला, नक्कल काढली, माझ्या पाठीवर नवा शिक्का मारला आणि मला परत दिले. म्हातारपणी पाठीवर शिक्का बसला, पण शाबासकीसारखाच वाटला.

मी पुन्हा दुकानात राहायला गेलो. धाकटीने माझी कसर मऊ कुंचल्याने झटकली. थोरला उत्साहाने चिकटपट्टी घेऊन आला, फाटलेली घडी जोडायला. धाकटीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "दादा, पुन्हा पॉलिश नको." दोघे इतके हसले की वहिनी आतून बाहेर आली. आता मी आम्लविरहित, म्हणजे जुना कागद खराब न करणाऱ्या, कागदाच्या पाकिटात, लाकडी पेटीत सपाट झोपतो. पेटी थोरल्याने केली, आतले मऊ कापड धाकटीने शिवले. खुर्च्याही परत तिच्याकडे येऊ लागल्या आहेत.

कचेरीच्या रांगेत आम्हाला पाहिलेला एक म्हातारा संग्राहक एकदा दुकानात आला. जुनी हत्यारे गोळा करण्यात त्याची हयात गेली होती. त्याने भिंग काढून बंदूक निरखली. लोखंड फार छान आहे, पण लाकूड बदलले, तिथे सगळी मजा गेली, असे म्हणाला. थोरल्याने वाद घातला नाही. पेटी उघडून मला त्याच्यापुढे ठेवले. म्हाताऱ्याने शेवटची ओळ वाचली. मग भिंग खिशात घातले आणि दस्त्यावर नुसता तळहात ठेवला. लाकूड तेच होते. मघाशी त्याने ते तपासले होते, आता तो त्याला भेटत होता.

धाकटीने त्याला मोडक्या मेजाची हकीकत सांगितली. म्हातारा म्हणाला, "हे या कागदावर नाही."

"नाही. बाबा सांगायचे."

"मग लिहून ठेवा. तुम्ही दोघं गेल्यावर कोणाला माहीत असणार?"

तो बंदूक विकत मागून पाहायला विसरला नाही आणि दोघे एका सुरात नाही म्हणाले. पण त्याचे बोलणे दोघांच्या मनात राहिले. मलाही ते पटले. आपल्याला सगळे ठाऊक आहे, अशा तोऱ्यात मी एवढी वर्षे होतो. खरे तर मी फक्त एका दिवसाचा साक्षीदार. मागचे-पुढचे फारसे माझ्या अंगावर लिहिलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. घड्याळ असेल, अडकित्ता असेल, एखादी खुर्ची असेल. तिला पुसा, तेल घाला, पण तेवढ्यावर थांबू नका. ती कोणी आणली, कोणी दुरुस्त केली, कोणाच्या हातून बिघडली, ते घरच्या मोठ्यांना विचारा. मग कागदावर लिहून, खाली तारीख घालून, त्या वस्तूजवळच ठेवा. जे आहे ते लिहा. चिकटपट्टी लावू नका. आणि आमच्यावर कृपा करून चहाचे कप ठेवू नका.

काल दुपारी थोरला आणि धाकटी रंध्याच्या मेजाशी एक नवा, जाड, कोरा कागद घेऊन बसले होते. मोडक्या अक्रोडी मेजाची गोष्ट धाकटीने लिहिली. मग पॉलिशपाशी तिचा हात थबकला. ते सोडून देऊ, असे तिने सुचवले.

"सोडू नकोस," थोरला म्हणाला. "लिही, थोरल्याने बिघडवलं."

तिने क्षणभर विचार केला आणि लिहिले: 'दस्त्याला थोरल्याने पॉलिश केले. पुढे त्यानेच ते हाताने काढले.' त्याखाली स्वतःची ओळ लिहिली: 'मूळ कागदाचा कोपरा धाकटीने कापला.' दोघांनी सह्या केल्या. शाई वाळल्यावर तो कागद त्यांनी पेटीत माझ्या शेजारी ठेवला. त्याला अजून नव्या कागदाचा वास येतो आणि सह्यांच्या खाली त्यांनी मुद्दाम बरीच जागा कोरी सोडली आहे.